उशिरा उमटणारा काळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय एकनाथराव, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या, मुख्याध्यापिका गौतमीताई, सत्कारमूर्ती सगुणाबाई, शनिवारच्या चित्रवर्गातल्या मैत्रिणींनो आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

सचिव या नात्याने मला दोन शब्द बोलायचे आहेत. ते गौरवाचे असावेत अशी अपेक्षा असणार. पण आधी एक कबुली द्यायची आहे.

सगुणाबाई आपल्या सोसायटीशेजारच्या मारुंजी गावच्याच. चार वर्षं त्यांनी या हॉलमध्ये आपल्याला जुने पुठ्ठे शेणमातीने सारवून त्यांवर चित्रं काढायला शिकवलं. तांबडा रंग गेरूचा, पांढरा तांदळाच्या पिठाचा, काळा हिरड्याचा. आता त्या पौडला लेकीकडे राहायला निघाल्या आहेत.

तांबडा, पांढरा डोळ्यांसमोर कालवला जायचा. माझी शंका होती काळ्यावर. शनिवारी वाटीत फिकट, मळकट पाणी आणि रविवारी तीच रेघ काजळासारखी! मधल्या वेळात चित्रं कुठे असायची? त्यांच्या घरी, वाळत. मग शंका येणार नाही का? मी रोज डायरी लिहिते. ओळीने चार शनिवार तिच्यात एकच वाक्य आहे : ‘बाजारची शाई फिरवत असणार.’

सरळ त्यांनाच का नाही विचारलं? आज ते मला सांगता येत नाही. मी गेटवरच्या वॉचमनला त्यांची पिशवी बघायला सांगितलं. हिरडे निघाले आणि फडक्यात गुंडाळलेला गंजका विळा. सगुणाबाई हसल्या. “शाईला लोखंड लागतंय, म्याडम. त्यो भिजत घालायचा असतोय.” मला पटायचं सोडून नवीच शंका आली, की ही बाई सोसायटीत विळा घेऊन कशाला फिरते! हसताय ना? मी कमिटीपुढे विषय ठेवणार होते.

जानेवारीच्या प्रदर्शनात मी स्वतःच्या हाताने पाटी लावली : ‘काळा रंग नैसर्गिक असल्याची खात्री नाही.’ सगुणाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी वर्गातल्या दिशाला ती मोठ्याने वाचायला लावली. ऐकून एवढंच म्हणाल्या, “चार वर्सं खोटं शिकवाया येतीय व्हय मी हितं?” त्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी कुणी थांबलं नाही. पुढच्या शनिवारी वर्गाला तिघीच होत्या.

परवा मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या दारात जाऊन शाई मागितली. बाटली देताना म्हणाल्या, “लिवा अन् उगडं ठिवा. तुमची लिफ्ट बटान दाबलं की येती. ही तशी न्हाई येत.”

काल दुपारी लिहिलं. अक्षरं जेमतेम दिसत होती. खरं सांगते, फसवलं असंच वाटलं. निदान नाव तरी दिसावं म्हणून नावावर काळा मार्कर फिरवला. आज सकाळी बघते तर अख्खा कागद काळ्याभोर अक्षरांनी भरलेला. त्यात बाजारच्या शाईचं एकच : सगुणाबाईंचं नाव. ज्याचा आळ मी त्यांच्यावर घेतला, ते मी केलं होतं.

नव्या कागदावर उतरवून हे झाकता आलं असतं. तसं केलेलं नाही. खाली जागा आहे, बाटलीही सोबत आणली आहे. अध्यक्षांच्या परवानगीने आत्ता, आपल्या सर्वांसमोर, मी त्यांचं नाव पुन्हा लिहिते. मग ज्या दिशाने ती पाटी वाचली, तिनेच मानपत्र वाचावं. नाव आत्ता फिकं दिसेल. फोटोत नीट येत नाही म्हणून कृपा करून कुणी त्यावर पेन फिरवू नये.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त निघून गेलं असेल, तर सभेने ते पोटात घालावं. पाटीची माफी मात्र, सगुणाबाई, मी तुमच्याकडेच मागते. ती लगेच मिळावी असा माझा आग्रह नाही. मी थांबेन.