जिन्याखालची कॉट

काका : …बाकी प्रबंध चांगला झालाय. चौथ्या प्रकरणातला तो प्लॅन तेवढा काढून टाक.

पुतणी : का? चुकलाय?

काका : माझं घर आहे ते. मीच डिझाइन केलेलं, बक्षीस मिळालेलं घर. मूळ प्लॅनमध्ये जिन्याखाली स्टोअर आहे. तू तिथं कॉट काढलीस.

पुतणी : कॉट होतीच, काका. बाबा गेल्यापासून माझी बारावी होईपर्यंत होती. मी एक शब्द वाकडा लिहिलेला नाही. भिंती तुमच्या, मापं तुमची. फक्त कॉट आमची.

काका : खाल्ल्या घरचे वासे मोजायला शिकवतात का एम.आर्क.ला?

पुतणी : वासे, दारं, खिडक्या, सगळं मोजायला शिकवतात. जिन्याखाली खिडकी नाही, एवढं मात्र आधीपासून माहीत होतं. वरची पाहुण्यांची खोली काय हवेशीर! पाहुणे कधी आले का हो तिथं?

काका : तुझ्या काकूला घर नीटनेटकं लागायचं. आणि छप्पर दिलं ना तुम्हाला? वाऱ्यावर तर नाही सोडलं?

पुतणी : वारा मिळाला असता तर आईला दमा झाला नसता.

काका : जीभ आवर. तुझे बाहेरचे परीक्षक माझ्या त्याच घरावर पुस्तक काढतायत. कळतंय का, ते हे बघणार?

पुतणी : कळतंय की. म्हणून तर हेच घर घेतलं. दुसरी घरं काय कमी होती अभ्यासाला?

काका : म्हणजे सूड उगवतेयस.

पुतणी : हो. इतकी वर्षं मनात धरून ठेवलाय. लपवायचं काय त्यात?

काका : याच धंद्यात पोट भरायचंय तुला. मी चार ठिकाणी फोन केले ना, तर उभंसुद्धा करणार नाही कुणी.

पुतणी : करा. संध्याकाळी हा प्रबंध बाइंडिंगला जातोय. उद्या कॉलेजच्या लायब्ररीत. तिथून कसा काढाल?

काका : हे बघ, खोडरबरानं पुसण्याएवढं काम आहे. कॉट नाहीशी झाली तर तुझ्या प्रबंधाचं काय बिघडतं?

पुतणी : तुम्हीच शिकवलंत मला. तुमच्या टेबलाला हनुवटी टेकवून उभी असायचे मी. म्हणाला होतात, प्लॅनमध्ये काही लपवायचं नाही. वरून दिसत नाही, पण आहे, ते तुटक रेषेनं दाखवायचंच.

काका : वहिनी, तुम्ही गप्प काय बसलात? सांगा तिला काहीतरी. तुमचा शब्द ती मोडायची नाही.

आई : आण गं तो कागद इकडे.

(आई चष्मा लावून कागद खिडकीशी नेते. बराच वेळ बघत राहते.)

आई : चुकलंय तुझं.

काका : ऐकलंस? आईच सांगतेय. शहाण्या आहात, वहिनी.

आई : थांबा, भाऊजी. वरून दिसत नाही ते तुटक रेषेनं काढतात, असंच म्हणालीस ना आत्ता?

पुतणी : हो. का?

आई : मग कॉटखाली तू झोपायचीस. ते राहिलंय.