शंभर टक्के हजेरी

ठाकुर्लीच्या दवाखान्यात पुढच्या बाकावर आपल्याच वर्गातली अंतरा आईसोबत बसलेली दिसली, तशी सोनल टीचरनी ओढणी नाकावर ओढली.

“आई, उद्या घरी राहू? खोकला आहे अजून.”

“अगं, आठवडाभर खोकत गेलीस, आता दोनच दिवस राहिलेत. हजेरीचं बक्षीस जाईल ना!”

“पण आज वर्गात मी एकटीच होते.”

“आणि बाकीची पोरं?”

“सगळी घरी. खोकतायत.”

“बघ! म्हणजे बक्षीस तुझंच.”

“पण देणार कोण? टीचरपण नव्हत्या आल्या.”

“त्यांना काय झालं आता?”

सोनल टीचरना शिंक काही आवरली नाही. अंतरा वळली आणि ताडकन उभी राहिली.

“गुऽड इव्हिनिंग, टीऽचर!”

“बस गं बाळा. उद्या घरी राहिलीस, तरच बक्षीस!”