निघालेच, पोरी, निघालेच!

...आन वर मलाच म्हणत्यात, 'मनिषा, तुजं कायम उशिरा!' उशिरा? अवो, पहाटं चारच्या पाळीला जाणारी बाई हाय मी! आमच्या सणसरातला कोंबडा मला बघून आरवतोय! आन मी उशिरा?

तुमाला सांगते, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसते मी. उसाची गाडी भरून आली की तिचं वजन करायचं, ऊस खाली करून निघाली की रिकाम्या गाडीचं परत करायचं, मधला फरक त्यो ऊस. आन मधल्या येळात ड्रायव्हरांची भांडणं, शेतकऱ्यांच्या तक्रारी आन घरचा फोन, सगळं एका कानानं ऐकायचं. दुसऱ्या कानात भोंगा असतोय.

घरचा फोन मंजी आमच्या सासूबाई. 'आगं मनिषा, गॅस संपला!' निघालेच आत्या! 'आगं, पोरीचं अंग तापलंय!' निघालेच आत्या! आन मी खुर्चीतच. खोटं न्हाय वो बोलत मी... मन कवाच निघालेलं असतंय, अंग तेवढं काट्यावर ऱ्हातंय. आता ह्याला काय करायचं, तुमीच सांगा!

तर परवा पोरीच्या शाळेचं गॅदरिंग झालं. पोरगी मंजी प्राची, चौथीत हाय. गेल्या वर्षी गॅदरिंग आलं ऐन सीझनात, मला रजा मिळाली न्हाय. पोरगी स्टेजवर आली, गर्दीत मला हुडकाय लागली, आन हुडकता हुडकता भाषणच इसरली! तशीच खाली मान घालून उतरली. घरात मला कुणी येक शब्द बोललं न्हाय. बोलाय पायजे व्हतं वो कुणीतरी... बरं वाटलं असतं.

आन तिचे पप्पा? ते बी नव्हते की! बारामतीला कंपनीत हाइत, त्यांची बी पाळी व्हती. पण त्यांना लोकं काय म्हणले? 'कामावर असतोय बिचारा.' आन मला? 'आई असून आली न्हाय!' मी काय काट्यावर गोट्या खेळाय जाते व्हय?

औंदा प्राची नाटकात सरपंच झाली व्हती. माजीच साडी, माजाच जुना चष्मा, आन आठवडाभर घरात भाषण. भाकरी थापताना भाषण, आंघोळीला भाषण, मांजरासमोर भाषण! आदल्या दिवशी म्हणली, "आई, उद्या दोन वाजता हाय. मला स्टेजवरनं तू दिसली पायजेस. न्हायतर मी तोंडच उघडणार न्हाय." मी म्हणलं, "पोरी, पयल्या रांगेत बसल्याली दिसंन!" त्यावर तिनं माज्याकडं बघितलं... निवडणुकीतल्या उमेदवाराकडं बघत्यात ना, तसं बघितलं.

माजी पाळी बारापर्यंत. पुढच्या पाळीला गोकुळ. आन त्यो आल्याबगार काटा सोडता येत न्हाय, सोडला तर सगळा कारखाना अंगावर येतोय. बारा वाजले, गोकुळ न्हाय. साडेबारा, गोकुळ न्हाय! केला फोन. तर म्हणतोय कसा, "निघालोच ताई!" माजाच शब्द मला! म्हणलं, "कुठं हाइस?" "हे काय, फाट्यावर!" म्हणलं, "गोकुळ, फाट्यावर कुकरच्या शिट्ट्या व्हत्यात व्हय रं?"

डोळ्यापुढं पोरगी दिसतीय, चष्मा घालून गर्दीत हुडकतीय... म्हणलं बसून काय करायचं? बाहेर पडायला रिकाम्या गाड्यांची ही रांग लागल्याली. ती आधी साफ करावी, मंजी गोकुळ आला की त्येच्या हातात काटा देऊन पळता येईल. अशा गाड्या सोडल्या, अशा सोडल्या... ड्रायव्हरांना तंबाखू मळू दिली न्हाय! 'चल, पुढं घे! चल, पुढं घे!' सगळ्या गाड्या एका दमात रस्त्यावर!

आता अक्कल बघा माजी. त्यो रस्ता कुठं जातोय? सणसरला! आन मला जायचंय कुठं? सणसरला!

गोकुळ आला एकदाचा, ढेकर देत आला. मी स्कूटीवर टांग टाकली आन सुटले. कालव्याच्या वळणावर येते तर म्होरं माजीच वरात! ट्रॅक्टर, त्येच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर हे येवढाले स्पीकर, आन रस्त्याला कडंला जागा किती? बाभळीचे काटे तेवढे मोकळे! हॉर्न वाजवते तर त्येंच्या गाण्यात माजा हॉर्न कुणाला ऐकू येतोय! फोन वाजला. सासूबाई. "आगं, कुठं हाइस?" म्हणलं, "निघालेच आत्या!" आयुष्यात पयल्यांदा खरं बोलले वो, आन त्या म्हणत्यात, "व्हय व्हय, ये सावकाश!"

तेवढ्यात कालव्याच्या पुलावर पुढचा ट्रॅक्टर थांबला. का? तर समोरनं दुसरा आला. दोघं शेजारी-शेजारी उभे, पूल बंद, आन गाण्यावर आवाज चढवून निवांत गप्पा! ह्यो आमचा रणजित ड्रायव्हर, दुसऱ्याला सांगतोय, "आज काट्यावरच्या बाईनं लय पटापट सोडलं गड्या! देवमाणूस हाय!" दुसरा म्हणतोय, "आशी माणसं ऱ्हायली न्हाइत आता." आन माजं कौतुक चाललंय, आन मी मागं कडू तोंड करून हॉर्न बडवतीय! शेवटी स्कूटी लावली, पळत पुढं गेले आन वरडले, "आरं, तीच बाई हाय मी! सोडा मला! पोरगी वाट बघतीय माजी!" रणजित दचकला. म्हणला, "ताई, तुमी हितं? मग काट्यावर कोण हाय?" म्हणलं, "तुजा सासरा! घे पुढं!"

शाळेत पोचले तर पावणेतीन. चप्पल हातात, केसात पाचट, डोळ्याला पाणी. म्हणलं संपलं, पोरगी गप उभी ऱ्हाऊन उतरली असणार... आन बघते तर मंडपवाला खुर्च्या उतरवतोय! स्टेजला पडदा न्हाय! प्राचीच्या वर्गाच्या विजयमाला बाई भेटल्या, म्हणल्या, "अहो प्राचीच्या आई, कार्यक्रम चारला आहे. तुम्ही इतक्या लवकर?"

लवकर! मला! ह्या शब्दानं मला कुणी कवा बोलावलं नव्हतं!

मागनं सरपंच आल्या, अर्धी मिशी पुसत. सरपंचाला मिशी कुणी काढली ते इचारू नका. म्हणली, "मीच दोन सांगितलं व्हतं. तुजं दोन मंजी चार. आजीला बी म्हाईत हाय." चौथीतली पोर वो! आईलाच काट्यावर घातलं तिनं! माजं बोलणं किती आन माजं येणं किती, बरोबर फरक काढून मोकळी! राग आला. मग हसाय आलं. मग लय वाईट वाटलं, खरं सांगते... पोरीला आईचा हिशोब असा पाठ व्हावा?

पण म्हणलं, आलेय ना? बसले पयल्या रांगेत, मधोमध. तेवढ्यात कारखान्यातनं साहेबांचा फोन. "मॅडम, गोकुळला जमंना झालंय, या की जरा." म्हणलं, "निघालेच साहेब!" आन फोन बंद करून पर्समधी टाकला. येकदा तरी ते 'निघालेच' कारखान्याच्या वाट्याला जाऊ दे की!

गार वारं सुटल्यालं. खुर्ची मऊ. म्हणलं, अजून येळ हाय, पाच मिनिटं डोळं मिटावं...

जाग आली ती टाळ्यांनी. मी बी उठून वाजवल्या, जोरात! शेजारी सासूबाई. म्हणल्या, "बस खाली. आभाराचं भाषण चाललंय." मी म्हणलं, "आन प्राची?" तर म्हणत्यात, "झालं की तिचं. पोरगी म्हणली, गावकऱ्यांनो, जागे व्हा! परत तुज्याकडं बोट करून म्हणली, जागे व्हा! आख्खा मंडप हसून लोळला, आन मी हलवलं तरी तू घोरत व्हतीस!"

प्राची आली. हातात बक्षीस. मला तर त्वांड वर करवंना. म्हणलं, "पोरी, चुकलं गं माजं." तर म्हणती, "न्हाय आई. येक वाक्य इसरले न्हाय मी. तू दिसत व्हतीस ना." मग माजा हात धरला, आन येकदम समजुतीनं, सरपंचावाणीच म्हणली,

"पण पुढच्या वर्षी खरी येळ सांगते. उशिरा येशील, पण जागी तरी येशील."