रजिस्ट्री माझ्या नावावर

...नाही, तुम्हीच सांगा, माझ्या घरातली भिंत पाडायची का नाही, हे कुणी ठरवायचं? मीच ना? कारण की घर माझं, कर्ज माझं, रजिस्ट्री माझ्या नावावर. रजिस्ट्रीच्या कागदावर माझा अंगठा आहे, फोटो आहे, आणि फोटोत मी हसतोय. आता तो फोटो बघवत नाही मला. एवढा कशाला हसत होतो, काय माहीत...

म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. बावीस वर्षं आम्ही उज्जैनच्या फ्रीगंजात राहिलो, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, भाड्याने. मी बँकेत, बायको प्राजक्ता, मुलगी ईरा. घर वाईट नव्हतं, पण किचन... किचन असं की मला फ्रिजमधून पाण्याची बाटली काढायची असेल तर प्राजक्ताने गॅस बारीक करून हॉलमध्ये यायचं, मी आत जायचं, बाटली काढायची, बाहेर यायचं, मग ती परत आत. बावीस वर्षं ती बाई अशी आत-बाहेर करत होती. तक्रार नाही हां. फक्त एकदा, ईरा शाळेत होती तेव्हा, हातात लाटणं घेऊन हॉलमध्ये उभी होती आणि म्हणाली, "आपलं घर होईल ना, तेव्हा मला बाकी काही नको. किचनमध्ये दोन माणसं मावली पाहिजेत." मी म्हटलं, दोन काय, चार मावतील. बोलायला काय लागतं हो?

तर मागच्या वर्षी देवास रोडकडच्या एका कॉलनीत हे घर सापडलं. एकोणतीस वर्षांचं जुनं, पण स्वतंत्र, पुढे अंगण, वर मोकळं छत. किचन इथेही लहानच. पण किचनला लागून एक अंधारी कोठी, आणि दोन्हींच्या मध्ये एक भिंत. ती भिंत पाडली की किचन दुप्पट. आम्ही दोघांनी त्या भिंतीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं आणि सौदा ठरला. लोक घर घेताना पाणी बघतात, शेजार बघतात, आम्ही एक भिंत बघून घर घेतलं. पाडायला.

ईरा पुण्याला नोकरीला आहे, तिने कॉम्प्यूटरवर बजेट करून पाठवलं. सगळं मिळून नऊ लाख. प्रत्येक खोलीला वेगळा रंग, पहिली ओळ हिरवी, 'आईचं किचन'. शेवटची ओळ होती 'अचानक', पन्नास हजार. तुम्हाला सांगतो, त्या ओळीला दिलेलं नाव अख्ख्या कागदाला द्यायला हवं होतं...

आता मिस्त्री. सिंहस्थ जवळ येतोय, सगळ्या उज्जैनमध्ये कामं चाललीयेत, रस्ते, घाट, पूल, आणि जेवढे म्हणून मिस्त्री आहेत तेवढे तिकडे. अकरा जणांना विचारल्यावर एक केदार मिस्त्री मिळाला. भला माणूस, पण त्याला नाराज करायची माझी हिंमत नाही, कारण की तो गेला तर दुसरा थेट सिंहस्थानंतर. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मी गप्प का बसलो ते कळेल.

पहिला दिवस. सकाळी पोहे-जलेबी आणली, हातोड्याला कुंकू लावलं, केदारने हात उचलला. तेवढ्यात मागचं दार उघडलं. किल्लीने. पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, काखेत फाइल... यज्ञेश्वर पागनीस. ज्यांच्याकडून आम्ही घर घेतलं ते. वय अठ्ठ्याहत्तर, सिंचाई विभागातून ओव्हरसियर म्हणून रिटायर, हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधलेलं. पागनीस काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या, म्हणून घर विकून ते मुलाकडे फ्लॅटमध्ये राहायला गेले. मला म्हणाले, एक किल्ली राहिली होती माझ्याकडे, ती द्यायला आलो. आणि किल्ली मला दाखवून परत स्वतःच्या खिशात ठेवली.

मग केदारला म्हणाले, "रुको भैया. इसमें पाइप है."

केदारने छिन्नीने थोडं प्लास्टर खरवडलं. निघाला पाइप. वरच्या टाकीचा, बरोबर तिथून गेलेला. त्या क्षणी केदारने काकांकडे ज्या नजरेने पाहिलं ना, तसं माझ्याकडे आजपर्यंत कुणी पाहिलेलं नाही. बँकेत नाही, घरी नाही. त्यानंतर त्या मिस्त्रीने मला एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. सगळं काकांना. मी मध्ये उभा. आणि रजिस्ट्री माझ्या नावावर.

मी म्हटलं, पाइप दुसरीकडून नेता येईल ना? काका म्हणाले, का नाही येणार, पण मग वरचे सगळेच बघून घ्या, त्या काळचे लोखंडी आहेत, सडले असणार. बघितले. सडले होते. पाइप बदलायला छत उकरलं, तर छतात ओल. छताचं करताना वायरिंग दिसलं, तेही तेव्हाचंच. मग अर्थिंग. तुम्हाला माहितीये अर्थिंग म्हणजे काय असतं? अंगणात खड्डा खणतात, त्यात तांब्याची प्लेट पुरतात, वर मीठ आणि कोळसा घालतात आणि खड्डा बुजवून टाकतात. संपलं. म्हणजे मी माझे पैसे खरोखर जमिनीत पुरले, मीठ लावून, आणि वर उभं राहून बघत होतो. आणि प्रत्येक वेळी काकांचंच बरोबर निघायचं, हे जास्त वाईट. चुकले असते तर भांडता तरी आलं असतं.

भिंतीचं काय? तर भिंतीचं शेवटी बघू.

काका रोज आठला यायचे. वाळूची ट्रॉली आली तर मूठभर वाळू तळहातावर चोळून परत पाठवायचे, "इसमें मिट्टी है, वापस ले जाओ." माझी रजा संपली, मी बँकेत जायला लागलो, संध्याकाळी काम बघायला आलो की काका मला सांगायचे आज माझ्या घरी काय झालं. प्राजक्ता फ्रीगंजातून डबा घेऊन यायची, त्यांना दोनदा चहा द्यायची, दुपारी भाजी-पोळी. मी म्हटलं, अगं, तू तरी काही बोल. ती म्हणाली, म्हातारा माणूस आहे, राहू दे.

मग बाथरूम. पिस्ता रंगाच्या टाइल्स, प्रत्येक पाचव्या टाइलवर कमळ. ईराने फोटो पाहून फोनवर फक्त "बाबा..." एवढंच म्हटलं होतं. त्या काढायच्या हे पक्कं. केदारने छिन्नी लावली आणि काका दारात स्टुलावर बसून सांगायला लागले की या टाइल्स त्यांनी इंदूरहून स्कूटरवर आणल्या, दर रविवारी दोन खोकी, एक पुढे पायाशी आणि एक मागे काकूंच्या मांडीवर. नऊ रविवार. एकही फुटली नाही. सांगताना सुद्धा माझ्याकडे बघत नव्हते, टाइल्सकडे बघत होते. केदारने छिन्नी खाली ठेवली. प्राजक्ता मागून म्हणाली, चांगल्या तर आहेत. मी काय करणार? आजही सकाळी त्या कमळांकडे बघत दात घासतो. रजिस्ट्री माझ्या नावावर...

त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. ठरवलं, आज सांगून टाकायचं. आरशासमोर तयारी केली. काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण घर आता आमचं आहे, किल्ली द्या. एवढं सोपं. गेलो त्यांच्या फ्लॅटवर.

तिसरा मजला, नवी बिल्डिंग, सगळं चकाचक. मुलाने दार उघडलं, तुषार, चांगला मुलगा. आत दारासमोरच खुर्ची आणि खुर्चीत काका, बाहेर जायचे कपडे घालून बसलेले. संध्याकाळी सहाला. शर्टाच्या खिशात पेनच्या शेजारी एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. मला बघून उठले, पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात तुषार हळूच म्हणाला, "बाबा इथे आल्यापासून रोज विचारायचे, काही बिघडलंय का. इथे काही बिघडतच नाही हो. तुमच्याकडे यायला लागले तेव्हापासून दोन वेळा नीट जेवतात. तुम्हाला त्रास तर होत नाही ना त्यांचा?"

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मी म्हटलं, छे छे, उलट मदतच होते. वर स्वतःहून, तुम्हाला सांगतो, स्वतःहून काकांना विचारलं की छताचा उतार कुठल्या बाजूला काढावा. ते ग्लास हातात घेऊन बसले आणि पाऊण तास सांगत होते. मी पाणी पिऊन परत आलो. किल्ली त्यांच्याकडेच.

तीन महिने गेले. कागदावर एक लाख दहा हजार उरले. बाकी सगळं झालं होतं हो, पण कुठे? भिंतीच्या आत, छताच्या आत, जमिनीच्या आत. डोळ्याला दिसेल असं काही म्हणजे काहीच नाही. पूर्वी होतं तसंच घर, फक्त आतून नवीन.

एका रविवारी अंगणात बसलो, मी, काका, केदार. मी म्हटलं, आता भिंत. काकांनी फाइल उघडली, म्हणाले, आधी मागचं गटाराचं चेंबर करून घ्या, ते महत्त्वाचं आहे. केदारने मान डोलावली. मी तोंड उघडणार तेवढ्यात प्राजक्ता चहा घेऊन आली. तिने ट्रे खाली ठेवला. कप कुणाला दिले नाहीत.

"काका," ती म्हणाली, "मी बावीस वर्षं दुसऱ्याच्या किचनमध्ये उभी राहिले. चेंबर राहू दे. मला ती भिंत नको आहे."

आवाज चढवला नाही तिने. पण एवढं सरळ ती माझ्याशी पण कधी बोलली नव्हती. काकांनी फाइल बंद केली. केदार मोबाइलवर काहीतरी बघत होता, त्याने तो पण बंद केला. मग काका म्हणाले, "विजया पण हेच म्हणायची."

आणि हळूहळू सांगितलं. घर बांधताना काकूंना मोठं किचन हवं होतं. हे म्हणाले, कोठी लागते. भांडण झालं. दुसऱ्याच दिवशी यांनी प्लंबरला सांगून टाकीचा पाइप त्या भिंतीतून नेला. नकाशात तो तिथे नव्हताच. "मग ती जेव्हा जेव्हा म्हणायची, तेव्हा मी म्हणायचो, पाइप आहे. सत्तावीस वर्षं म्हणालो. शेवटी तिने विचारायचं सोडून दिलं." फाइल मांडीवर सरळ केली. "ती गेल्यावर मी एकदा हातोडा घेऊन उभा राहिलो होतो तिथे. पण आता कुणासाठी पाडायची..."

मी कपांकडे बघत होतो. चहावर साय धरली होती.

मग ते केदारला म्हणाले, "आज ही तोड़ दो भैया."

पाडली. काका अंगणातच बसून राहिले, आत आले नाहीत. दुपारपर्यंत भिंत गेली आणि कोठीच्या त्या लहानशा खिडकीतून ऊन पार हॉलपर्यंत आलं. प्राजक्ता धुळीत, मलब्यात, मधोमध जाऊन उभी राहिली. मग तिने हाक मारली, "काका, आत या. बघा, मावतो का." ते आले. ती, काका, मी, तिघं उभे राहिलो आणि कुणालाही बाहेर जावं लागलं नाही. काकांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातात ठेवली. माझ्या नाही, तिच्या. आणि रजिस्ट्री... जाऊ द्या.

मला त्या वेळी काय वाटलं ते नाही सांगता येणार, कारण की तेवढ्यात केदारने हिशेब दिला. पाइप दुसरीकडे वळवणं, मलबा उचलणं, कोपरे भरणं, वरचं बीम. एक लाख आठ हजार. म्हणजे किचन झालं, पण ओटा नाही. कपाटं नाहीत. रंग नाही.

तसेच राहायला आलो. इकडे हप्ता, तिकडे भाडं, दोन्ही कुठून भरणार? तुषारकडून एक जुनं टेबल आणलं, त्यावर गॅस ठेवला. किल्ली प्राजक्ताने दुसऱ्या दिवशी काकांना परत दिली, म्हणाली, तुम्ही सकाळी येता तेव्हा मला हात धुऊन दार उघडावं लागतं. मला विचारलं नाही हां.

गेल्या महिन्यात वास्तुशांत केली. माझा मोठा भाऊ सुहास नाशिकहून खास आला. सगळं घर फिरला, छतावर जाऊन आला, काकांनी त्याला उतार समजावला, त्याने बाथरूममध्ये कमळं पाहिली, किचनमध्ये टेबलावरचा गॅस पाहिला, उघड्या विटा पाहिल्या. जेवला. हात पुसत माझ्या शेजारी येऊन बसला, पाठीवर थाप मारली.

"घर चांगलं घेतलंस श्री," म्हणाला. "दणकट आहे. आता काम कधी काढतोस?"

मी नऊ लाखांकडे पाहिलं. म्हणजे कुठे पाहणार, भिंतीकडेच पाहिलं.

म्हटलं, बघू. दिवाळीनंतर.