रविवारचा दिवा

आईचा आणि टुंड्रातल्या बाईंचा किस्सा तुम्हाला सांगायचाच राहिला! दोन हजार एकवीसचा जानेवारी, आयर्लंडमधल्या आमच्या नावन गावातल्या शाळा बंद, आणि आमच्या लेकीचा, ईराचा वर्ग डायनिंग टेबलावर. त्या दिवशी ऑनलाइन पाहुण्या होत्या टुंड्रातल्या एका आडगावच्या शिक्षिका. माझी आई झेडपीची रिटायर्ड मास्तरीण, आम्हाला भेटायला येऊन लॉकडाऊनमध्ये अडकलेली. "कॅमेऱ्यात यायचं नाही," असं तिला बजावलं होतं. ती बाजूला बसून मटार सोलत होती आणि मी तिला बाईंचं बोलणं हळूच मराठीत सांगत होतो.

बाई म्हणाल्या, "हिवाळ्यात इथे सूर्य उगवतच नाही. मी शाळेचा दिवा लावला की मुलं समजतात, शाळा भरली. एका रविवारी पुस्तक न्यायला गेले, दिवा लावला, तर सगळी मुलं दप्तरं घेऊन हजर!"

ईराने विचारलं, "मग घरी पाठवलंत?"

आई मटारच्या ताटासकट थेट कॅमेऱ्यात. "छे! कशाला पाठवेल? शिकवलं असणार. परत पाठवलं असतं तर सोमवारी त्या दिव्यावर विश्वास कोणी ठेवला असता?"

ईराने हसत हसत ते इंग्रजीत सांगितलं. बाई स्क्रीनजवळ वाकल्या.

"हो, दिवसभर शिकवलं. पण मटार सोलणाऱ्या या शिक्षिका कोण?"