मावशीकडचं यंत्र सारखं बंद का पडतं

—थांब, थांब, वायर ओढू नकोस! गाडीवाला थांबेल दहा मिनिटं, चहा दिलाय मी त्याला. तू बस त्या स्टुलावर. महिन्यात चौथ्यांदा बंद पडलं म्हणून मित्राच्या गोदामात हलवतोस? हलव बाबा. यंत्र तुझं, नाणी तुझी — इंटरनेटवरची नाणी खणतं म्हणे! दीड वर्ष खणतंय माझ्या मागच्या खोलीत, मला तर एक दिसलेलं नाही — पण दोष माझ्या खोलीला देऊ नकोस हं. नाचता येईना, अंगण वाकडं!

यंत्र आल्या आल्या त्याचा स्पीड कुणी वाढवला होता? मी? कंपनीनं दिलेला वेग साहेबांना पुरेना, एका दमात पाच पायऱ्या चढवल्यास. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! अरे, मावशीनं तीस वर्षं कोंबडीची अंडी उबवायच्या केंद्रात काढलीत. साडेसदतीस अंश, एकवीस दिवस — जरा इकडंतिकडं झालं की पिल्लं गेली म्हणून समज. आणि तू मला उष्णता शिकवणार? गरम हवा ज्या खिडकीतून बाहेर सोडलीस, तिथूनच गार हवा आत घेत होतास — म्हणजे टाकलेला श्वास यंत्रानं पुन्हा घ्यायचा! हसतोस काय, इंजिनियर ना तू? सुताराला बोलावून पाइप वरच्या झरोक्यातून मी काढून घेतला. वेग मूळचा करायला लावला, मग एकेक पायरी — एक चढवायची, दिवसभर उष्णतेचा आकडा बघायचा, पंचाहत्तर अंशांच्या आत राहिला तरच पुढची. प्लगला हात लावायचा, गरम लागला की मुकाट्यानं खाली उतरायचं. जाळी दर आठवड्याला पुसते मी. आज बघ, त्याच पाचव्या पायरीवर एकाहत्तर! हे कॅलेंडर बघ, रोज सकाळ-संध्याकाळ लिहिलेत आकडे. एकदा तरी वर गेलाय? कसा जाईल? रजई घातल्याशिवाय काय बिशाद आहे त्याची बंद पड—

कसली रजई? कोण म्हणालं रजई?

कान मेले तिखट तुझे, अगदी आईवर गेलायस. बरं, घातली. पाइपाच्या तोंडाशी, जुनी रजई. पण शेजारीच उभी होते मी, आकड्यावरची नजर हलवली नाही — तापलं की ते आपण होऊन बंद होतं हे ठाऊक होतं मला, घर पेटवायला नव्हते निघाले! बंद पडलं की लगेच काढली. हो, चारही वेळा. चूक केली, कबूल, असं कधी कुणी करू नये. असे डोळे नको वटारूस.

का म्हणजे? तूच सांग, यंत्र यायच्या आधी किती वेळा यायचास? वर्षातून एकदा, तेही आईनं ढकललं म्हणून. यंत्र आलं नि आठवड्याला यायला लागलास. थेट मागच्या खोलीत जायचास, ते सोड — पण निघताना इथं टेकायचास, दोन घास खायचास, ऑफिसातल्या त्या तोतऱ्या साहेबाच्या नकला करायचास. मग ते चालायला लागलं नीट. तुला सगळं मोबाइलवरच दिसायला लागलं. मी एवढी शहाणी, नीट चालवून दिलं आणि स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला. तीन महिने फिरकला नाहीस रे. वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं.

जाऊ दे. चल, ऊठ, बंद कर ते नि मग काढ वायर. गोदामात गार हवेची बाजू आधी बघ, मग ठेव. आणि एकेक पायरी, कळलं?

काय म्हणालास? राहू दे इथंच? नाही हं, आता नाही. ते काही चालायचं नाही. रडवेलं तोंड करू नकोस, शोभत नाही तुला. धर त्या बाजूनं — जड आहे, कंबर सांभाळ. घेऊनच जा. मागची खोली रिकामी असताना येतोस का, ते बघायचंय मला. नीघ आता. आणि दार ओढून घे.