आवाज गेल्याचा दाखला

लिहून देते ना काका, नाही कुठं म्हटलं — लेटरहेड आहे, शिक्का आहे, सगळं आहे, पण तपासल्याशिवाय कसं लिहू, की तुमच्या, म्हणजे उत्तमरावांच्या, लॅपटॉपचा आवाज गेलेला आहे म्हणून? उद्या कोणी विचारलं, बाई, तुम्ही स्वतः पाह्यलं का, तर काय सांगू, काकांनी सांगितलं म्हणून लिहिलं? बसा. ती पिशवी जरा सरकवा, झोळीले धक्का लागेल — पोरगी आत्ताच निजली. सकाळपासून अंग कोमट आहे तिचं, म्हणजे मले वाटतं कोमट, सासूबाई म्हणतात काही नाही, थर्मामीटरही म्हणतो काही नाही, पण मी थर्मामीटरवरही विश्वास ठेवत नाही. जास्त शिकलं की असं होतं, कशावरच भरवसा राहत नाही, स्वतःवर तर नाहीच.

हे पाहा, आवाजाच्या चिन्हावर लाल फुली. अपडेट झालं ना काल? हो हो, तुम्ही काही दाबलं नाही, त्यानंच घेतलं, सगळे असंच म्हणतात, मीही म्हणते. काही मोडलेलं नसतं यात — स्पीकर धडधाकट असतो, माइक धडधाकट असतो, फक्त मधे एक दुभाषी असतो, ड्रायव्हर म्हणतात त्याले, तो अपडेटनं बदलून टाकला, आणि या नव्याले तुमच्या मशीनची बोली येत नाही. हा पिवळा त्रिकोण दिसतो? तोच तो. या आठवड्यात सारे असेच आले — कोणाच्या पोराची परीक्षा, कोणाचं नोकरीचं बोलणं, रडकुंडीले आलेले बिचारे. आवाज गेला आणि तोंडावर हसू, असे तुम्हीच पहिले, काका.

नाही, रागानं नाही म्हणत. मले काय राग येणार. जुन्यावर परत जायचं बटण असतं, ते इथं फिकं पडलं आहे, दाबलं जात नाही — म्हणजे हा नवा ड्रायव्हर आधी काढून टाकायचा आणि मशीन बंद करून चालू करायची. नाही, दुरुस्त नाही करून राह्यली, तपासून राह्यली, तपासायचं म्हणजे असंच असतं. तुमची घाई कळते मले. ग्राहक मंचातल्या आजच्या सुनावणीची लिंक लागली की चेहरा दाखवायचा, कानाले हात लावायचा, माझं पत्र कॅमेऱ्यासमोर धरायचं, साहेब पुढची तारीख देतील — त्यांचा तरी काय दोष, कागद दिसतो म्हणून देतात. मागच्या खेपेले सुलतानपूरच्या दुकानाचं पत्र होतं, त्याच्या आधी घसा बसला होता. एकाच दुकानाचं पत्र परत चालत नाही म्हणून यावेळी आमच्या बीबी गावापर्यंत आले. मले कसं माहीत? तुम्हीच तर म्हटलं आत्ता. घशाचं नाही म्हटलं? मग... ऐकलं असेल कुठं. सुनावणी म्हणजे काही घरातली गोष्ट नसते.

होऊ द्या चालू, वेळ लागतो. बोंडअळीचीच केस ना? तेवढं तर सांगितलं तुम्ही. मले त्यातलं ते छोटं पाकीट आठवतं — बीटी कापसाच्या बियाण्याच्या थैलीसोबत यायचं, साध्या सरकीचं, कंपनी फुकट द्यायची. शेताच्या चारही कडेनं पेरायचं, अळीले तिथं खाऊ द्यायचं, म्हणजे ती मधल्या पिकाले सरावत नाही. पत्रकावर लिहिलेलं असायचं. वाचायचं कोणी? आमच्याकडे मी वाचायची. एका बाईनं ते पत्रक तिच्या पोरीकडून वाचून घेतलं आणि तुमच्या कृषी केंद्रात आली विचारायले, की कडेनंच पेरू ना? पेरणीचे दिवस, दुकानात ही गर्दी. आणि तुम्ही म्हटलं, कडेले अळी पोसता का बाई, ते पाकीट नांग्या भरायले ठेवा — जिथं उगवलं नाही तिथं टोबा. बाई म्हटली, पोरगी तर असं वाचते. तुम्ही त्या पोरीकडे पाह्यलं आणि म्हटलं, कॉलेजात सरकी पेरतात का आता? सगळं दुकान हसलं. तुमचं बोलणं मोठं रसाळ आहे काका, तेव्हा तर त्या पोरीलेही वाटलं, आपलंच वाचायचं चुकलं.

हं, झालं चालू. आता यादीतून जुना ड्रायव्हर निवडते. हात नका लावू, अर्धवट राह्यलं तर मशीन अडकते — खरं सांगते, अडकते. तर बोंडं किडली, आतून गुलाबी अळी, कापूस फुटलाच नाही, कवडी झाला, ते साल कोणाले सांगायचं. बाईनं तक्रार केली. आणि तुमचं लेखी उत्तर काय — तक्रारदारानं कडेनं साधी सरकी पेरली नाही, पत्रकातली सूचना पाळली नाही, सबब जबाबदारी तिची. तेच पत्रक, काका. ज्याच्यावर दुकान हसलं, तेच तुम्ही उत्तराले जोडलं.

ओळखलं? नाही ओळखणार. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, आडनावही गेलं, दुकानाच्या पाटीवर कोणाले दिसणार सत्यभामाबाईची छकुली. हे आज सांगायचं नव्हतं मले. ठरवलं होतं, गप्प राहायचं, काम करायचं. तुम्ही पायरी चढले तेव्हा पहिल्यांदा काय आलं मनात, सांगू — चहा सांडावा यावर, कायमचा मुका करावा. माझ्या आईले पहाटेच्या एसटीनं बुलढाण्याले जाऊन, बाकावर बसून, पुढची तारीख घेऊन परत यावं लागतं, आणि तुम्ही घरच्या खुर्चीवरून कानाले हात लावता. मग वाटलं, चहा सांडला तर तुमचंच काम होईल. याच्याहून मोठा दाखला कुठला. तुम्हाले दुरुस्तीच झोंबणार. एवढा सुखाचा सूड मले कोणी आयता आणून दिला नव्हता, ताप तर नाही ना, कपाळ पाहावं लागेल माझंही.

ऐका. टिंग. येऊन राह्यला ना आवाज? फुली गेली. माइकची परवानगीही अपडेटनं काढून घेतली होती, ती दिली. आई जिंकेल का, मले नाही माहीत. तुम्ही बोलायले हुशार, ती दोन वाक्यांत घाबरते, तुम्ही सरळ नाही म्हणाल आणि तिच्याजवळ साक्षीले कोण — त्या दुकानात हसलेले? एक जण येत नाही. हरेलही. पण तुम्ही तिच्यासमोर बोलाल, साहेबांसमोर, तुमच्या तोंडानं — ते पाकीट कुठं पेरायले सांगितलं होतं. खोटं बोलायचं तर ऐकू जाईल असं बोला.

लिंक? ती तुम्हीच लावून ठेवली होती, मशीन चालू झाली तशी मी परत लावली. ती पाहा आई, तिकडे मागच्या बाकावर, पदर सावरून राह्यली. उठू नका काका, कॅमेरा चालू आहे, तुम्ही दिसून राह्यले सगळ्यांले. साहेब विचारून राह्यले, आवाज येतो का. मान हलवून काय होतं —

येतो, साहेब. मी दुकानातून बोलते, आत्ताच तपासला, दोन्हीकडून येतो.

बोला काका. मी बाहेर थांबते.